बोरीच्या औटींचा जावई

शालन औटी मॅडम मंगळवारी सकाळी एसटीत गेल्या. त्या बोरीहून जुन्नरला कॉलेजात येत होत्या. नारायणगावला गाडी बदलायची असते. लोक उतरले, त्या उतरल्या नाहीत. कंडक्टरने हाक मारली, मग खांद्याला हात लावला. मांडीवरच्या पिशवीत डबा, चष्मा आणि लोखंडाच्या तारेचं वेटोळं होतं. ओळखपत्रावर कॉलेजचा नंबर होता. फोन मी घेतला.

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. मॅडम पदार्थविज्ञान शिकवायच्या आणि त्यातून चोरता येईल तेवढ्या वेळात संशोधन करायच्या. माझं ग्रंथालय आणि त्यांची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक भिंत. भिंतीपलीकडे त्यांचे पंप दिवसरात्र घुमत असायचे. माझ्याकडे ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. तिच्याखाली एक दिवस खडूने लिहिलेलं सापडलं, ‘पंपांना सांगून पाहिलं, ऐकत नाहीत.’

गेलेल्या माणसाविषयी लिहायला बसलं की तो माणूस कागदावर एकदम सज्जन होऊ लागतो. मॅडमचं तसं होऊ नये म्हणून मी सावकाश लिहितो आहे. त्या सज्जन होत्याच, पण ते त्यांनी आम्हाला फारसं कळू दिलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी त्यांना एकच गोष्ट हवी होती. चांदीवर लोखंडाचा अगदी पातळ थर बसवायचा आणि त्यातलं चुंबकत्व कोणत्या दिशेला वळतं ते मोजायचं. आणि ते एकदा नाही, दोनदा, दोन वेगळ्या थरांवर. “एकदा आलं ते नशिबाने येतं. दुसऱ्यांदा आलं की आपलं,” असं त्या म्हणायच्या. कॉलेजने मात्र कळवून ठेवलं होतं की उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली रिकामी करा, तिथे संगणकांचा वर्ग होणार आहे. मॅडमही त्याच सुमारास निवृत्त होणार होत्या. म्हणजे जे काय व्हायचं ते सुट्टीच्या आत.

हे सगळं गंभीर वाटतं. मॅडम गंभीर नव्हत्या.

ग्रंथालयातल्या रहस्यकथा त्या एकामागून एक नेत. पुस्तक परत आलं की पहिल्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘खुनी – डॉक्टर’. नाहीतर ‘खुनी – पुतण्या’. विद्यार्थी तक्रार करायचे आणि मी खोडरबर घेऊन बसायचो. एकदा दिवाळीच्या सुट्टीत त्यातलं एक पुस्तक मी स्वतः वाचलं, पहिल्यापासून डॉक्टरवर नजर ठेवून. खुनी डॉक्टर नव्हता. मग आठवतील ती सगळी पुस्तकं काढून वाचली. एकही नाव खरं निघालं नाही. मी भिंतीपलीकडे जाऊन जाब विचारला.

“किती वाचलीत?” मॅडमनी विचारलं.

“कपाट संपवलं.”

“एरवी तुम्ही वाचली असती का?”

आता त्यांच्या कामाविषयी. मला समजलं तेवढंच सांगतो, आणि ते त्यांनीच मला समजावलं असल्यामुळे बरोबर असावं. लोखंडाच्या प्रत्येक अणूत एक इवलासा चुंबक असतो. जाड लोखंडात हे चुंबक सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखे एका बाजूला वळतात. पण लोखंड फक्त सात-आठ अणू जाड असेल, केसाच्या जाडीत असे हजारो थर बसतील इतकं पातळ, तर ते निराळं वागतं. खाली कशावर बसवलंय, तो पृष्ठभाग सपाट आहे की पायऱ्यापायऱ्यांचा, यावर त्याचं वळण ठरतं. हे बघायचं तर आजूबाजूला हवा नको. एवढ्या पातळ लोखंडाला हवा लागली तर डोळा मिटून उघडेपर्यंत ते गंजून जातं. म्हणून पोलादाचं पात्र आणि त्यातली हवा उपसणारे पंप.

हे पात्र पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने जुनं म्हणून काढलेलं. मॅडमनी ते मागून आणलं. मोठ्या हंड्याएवढं गोल, चहूबाजूंनी नळकांडी, मध्ये जाड काचेच्या खिडक्या. टेंपो मिळाला तो बेल्ह्याच्या बाजाराला बैल नेणारा, शेणाच्या वासासकट. वाटेत पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. पुढचा संवाद टेंपोवाला अजूनही सांगतो.

“आत काय हाय?”

“काही नाही,” मॅडम म्हणाल्या.

“काय न्हाई मंजी?”

“काहीच नसावं म्हणूनच ते केलंय. सध्या थोडी हवा आहे. ती जुन्नरला पोचल्यावर काढणार.”

“आत काय न्हाई तर येवढं जड कसं?”

“आत काही नसलं की बाहेरची हवा दाबते. म्हणून भिंती जाड लागतात.”

पोलीस टेंपोवाल्याला बाजूला घेऊन म्हणाला, “राव, बाई बऱ्या हायेत ना?”

“प्रोफेसर हायेत, सायेब.”

“मंग जा.”

या यंत्राला शास्त्रात चेंबर म्हणतात. पण आमच्याकडे चेंबर म्हटलं की गटारावरचं झाकण डोळ्यांपुढे येतं, आणि मॅडम गटारांवर संशोधन करतात अशी समजूत तालुक्यात पसरू लागली होती. त्यातून सोडवणूक केली त्यांच्या आईने. सोनाबाई औटी. वय ऐंशीच्या पुढे, शेतातली खुरपणी अजून स्वतः बघणाऱ्या. मॅडमनी लग्न केलं नव्हतं आणि हा विषय सोनाबाईंनी कधी सोडला नव्हता. त्या पहिल्यांदा लॅब बघायला आल्या तेव्हा मी दारात उभा होतो. त्यांनी यंत्राला एक प्रदक्षिणा घातली.

“ह्याला हात लावला तर?”

“रुसतो,” मॅडम म्हणाल्या. “मग चार-आठ दिवस मनधरणी करावी लागते.”

“लाईट लई खातो म्हणं?”

“खातो.”

“आन बोलत काय न्हाई?”

“नुसता घुमतो.”

सोनाबाईंनी पदर सारखा केला. “मंग जावईच हाय की. पोरीनं उशिरा का व्हईना शोधला, त्यो बी असला.”

तेव्हापासून कॉलेजात त्याला जावई म्हणू लागले. “जावई कसा आहे?” असं प्राचार्यही विचारायचे. अधिक महिन्यात सोनाबाईंनी बोरीहून अनारशांचा डबा पाठवला. मॅडमनी तो यंत्रापुढे क्षणभर धरला आणि “याला पथ्य आहे” म्हणून माझ्यापुढे केला.

हात न लावणं हा त्यांचा एकच कडक नियम. बोटाचा ठसा आत गेला तर त्यातलं तेल कित्येक दिवस वाफ सोडत राहतं आणि निर्वात बिघडतं. पण आमची माणसं बघतात ती हातानेच. शिवाय प्रयोगशाळेचं दार लागतच नव्हतं, फुगलं होतं. पाहुणे, पालक, बाजूच्या शाळेतली पोरं, कोणीही आत शिरायचं. एका सकाळी दारावर पाटी झळकली: ‘बिबट्याचा वावर. आत प्रवेश करू नये.’ पिवळी पाटी, काळी अक्षरं, अगदी वनखात्यासारखी. आमच्या तालुक्यात ही पाटी कोणी थट्टेवारी नेत नाही. वर्दळ त्या दिवसापासून थांबली. आठवड्याने खरोखरचा वनरक्षक आला, हातात काठी आणि टॉर्च. कोणीतरी कळवलं होतं.

“कधी दिसला, मॅडम?”

“मला दिसला नाही अजून.”

“मग पाटी?”

“वावर लिहिलंय. दर्शन नाही लिहिलेलं.”

वनरक्षक तरुण होता, हसला. जाताना पाटी काढून न्यावी का, असं त्याने विचारलं. मॅडमनी त्याला आत बोलावलं, लेसरचा लाल ठिपका चांदीवर पडून परत येताना किंचित तिरपा कसा होतो ते दाखवलं, चहा पाजला. पाटी राहिली. तो मात्र पुढे अधूनमधून ठिपका बघायला येऊ लागला, पाटी असूनही.

यंत्र उघडून बंद केलं की ते भाजावं लागतं. आतल्या भिंतींना दमट हवेतलं पाणी चिकटलेलं असतं, ते निघावं म्हणून सगळं यंत्र तापणाऱ्या पट्ट्यांनी गुंडाळायचं, वरून चांदीच्या कागदासारखी चकचकीत फॉइल लपेटायची आणि दोन-चार दिवस तापत ठेवायचं. अशाच एका भाजणीत तपासणी समिती आली. बाहेरगावचे तीन सदस्य, कोट घातलेले. त्यातल्या एकाने फॉइलमधला तो चमकता गोळा बघितला आणि विचारलं, “या प्रयोगशाळेचं फलित काय?”

मॅडमनी हातमोजे घातले, फॉइलच्या बाहेरच्या घडीत हात घातला आणि भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा काढून बशीत ठेवल्या.

“घ्या. गरम आहेत.”

प्राचार्यांचा चेहरा मी बघितला नाही. तसं धाडस झालं नाही. समितीतल्या कोटवाल्याने शेंग फोडली, खाल्ली, दुसरी घेतली. मग मॅडमनी कागद काढून खरं फलित दाखवलं आणि समिती ते शेंगा खात शांतपणे बघत राहिली. अहवालात आमच्या प्रयोगशाळेबद्दल ‘उबदार वातावरण’ असे शब्द आले. हे मी स्वतः वाचलं.

मंदा आली ती या सगळ्याच्या मध्ये. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली, घरची भाताची खाचरं. एम.एस्सी. करून आमच्याकडे पीएच.डी.ला आलेली. बोलायची कमी, लाजायची जास्त. पहिल्याच दिवशी मॅडमनी तिला चांदीच्या स्फटिकाचं चित्र दाखवलं. नखाएवढा तुकडा, पण मुद्दाम थोडा कलता कापलेला, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावर एकेका अणूच्या उंचीच्या पायऱ्या दिसतात. मॅडम समजावू लागल्या, तर मंदा एकदम म्हणाली, “ही तर खाचरं हायेत, मॅडम.”

“बरं. मग वरून लोखंड टाकलं तर कुठे बसेल?”

मंदाने थोडा विचार केला. “बांधाच्या कडंला. व्हाळात आलेला गाळ तिथंच अडतो.”

मॅडम उठल्या, भिंतीवर थाप मारली आणि ओरडल्या, “ग्रंथपाल! माझं तासाचं व्याख्यान वाचलं!”

तेव्हापासून आमच्या बोलण्यात चांदीवर खाचरं असत आणि बांध असत. प्रश्न असा होता: खाचरांवर बसलेल्या लोखंडाचं चुंबकत्व बांधाच्या दिशेने वळेल, की बांधाला आडवं? लेसरचा ठिपका टाकून, बाहेरचं चुंबकीय बळ कमीजास्त करत आलेख काढायचा. बांधाच्या दिशेने मोजताना आलेखावर चौकोन आला तर समजायचं, लोखंड बांधाच्या दिशेने झोपलं आहे. तिरकी रेघ आली तर नाही. मंदाचा प्रबंध या चौकोनावर उभा राहायचा होता. तसा तो मॅडमच्या सगळ्या वर्षांच्या खटपटीवरही उभा होता, पण त्या असं काही बोलत नसत. “घाई केली की हवा शिरते,” एवढंच म्हणायच्या.

खोली सोडायचा आदेश आला त्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. कॉलेजची बस, झेरॉक्स मशीन, बोअरवेलची मोटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. जावयाला माळ घालायची ती त्याच्या लोखंडी घोडीला, यंत्राला नव्हे, असा मॅडमचा नियम. त्या वर्षी सोनाबाई पूजेला मुद्दाम आल्या होत्या. चांदीचा स्फटिक नव्या खोबणीत बसवायचा म्हणून बाहेर काढलेला, टेबलावर काचेच्या घुमटाखाली. मॅडम आणि मंदा खाली मोटरीच्या आरतीला गेल्या. सोनाबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या लॅबमध्येच स्टुलावर बसून राहिल्या.

मग स्फटिक आत गेला, पंप चालले, भाजणी झाली. आणि काहीच जमेना. चांदीवर कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणारं एक उपकरण यंत्राला जोडलेलं होतं. त्यात चांदी दिसायला हवी होती. दिसत होता कार्बन, आणि कॅल्शियम.

मॅडमना रहस्य मिळालं. त्यांनी फळ्यावर संशयितांची नावं लिहिली. पहिलं नाव नळाच्या पाण्याचं. दुसरं छताच्या पोपडे निघालेल्या चुन्याचं. तिसरं मंदाचं, चौथं स्वतःचं. पाचवं नाव माझं. दुपारी त्या ग्रंथालयात आल्या आणि वाचकांसमोर म्हणाल्या, “तोंड उघडा.”

“का?”

“पान खाता ना? चुना म्हणजे कॅल्शियम.”

“या महिन्यात मी तुमच्या खोलीत पाऊलही टाकलं नाही.”

“सगळे असंच म्हणतात,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुढे पंधरा दिवस मी ग्रंथालयात पान खाऊ शकलो नाही. विद्यार्थी बघून हसायचे.

मंदाला मात्र हसू येत नव्हतं. तिला वाटे, आपल्याच हातून काहीतरी झालं. ती हातमोजे तीनदा बदलायची, उपकरणं पुन्हा पुन्हा धुवायची. एकदा माझ्याकडे येऊन कपाटाआड उभी राहिली आणि डोळे पुसले. “माझ्यामुळं मॅडमचं वरीस जायचं, सर.” मॅडमना ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या मंदाच्या नावापुढे लिहिलेलं होतं, ‘पुराव्याअभावी मुक्त’. माझ्या नावापुढे काही नव्हतं.

थंडीत हुरड्याला मॅडमनी आम्हा दोघांना बोरीला नेलं. कणसं भाजून झाली, घरात जेवायला बसलो. सोनाबाई वाढत होत्या.

“जावयाचं काय म्हणणं?”

“बिघडलाय, आई. दसऱ्यापासून.”

“आसं कसं व्हईल? मी तर खंडेनवमीला त्याला चांगलं हळदकुकू लावून आले.”

मंदाचा घास हातातच राहिला. मॅडमनी ताटातली मिरची बाजूला सारली आणि अगदी हळू विचारलं, “कुठं लावलंस, आई?”

“त्ये धूड लई मोठं. म्हणलं लावायचं कुठं? त्या टेबलावर काचंखाली चांदीची टिकली व्हती ना, मला वाटलं ह्योच त्याचा देव. काच उचलली, बोटभर लावलं. मंग मनात आलं, शालन वरडंल. म्हणून पुसून बी टाकलं.”

“पुसलंस?”

“मंग! नीट पुसलं. थुकी लावून पुसलं, पदरानं.”

मॅडम ताटावरून उठल्या, परसात गेल्या आणि पाण्याच्या हौदाला धरून वाकल्या. मंदा घाबरून मागे धावली. हळदीत चुना घालून केलेलं कुंकू, वर आईची थुंकी, आणि तीन महिने आम्ही छताकडे बघत होतो. मॅडम रडत नव्हत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. तोंडावर पाणी मारून त्या आत आल्या, पुन्हा ताटावर बसल्या.

“बरं केलंस, आई. आता बरा होईल तो.”

“तेच म्हंते मी. पूजा केल्याबगर ह्ये लोखंड चालत न्हाई,” सोनाबाई म्हणाल्या आणि मंदाला भाकरी वाढली.

सोमवारी फळ्यावरची सगळी नावं पुसलेली होती. मध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘खुनी – सासू’. मॅडमनी लिहिलेलं एवढं एकच नाव खरं होतं.

सोनाबाईंना हे कधीच सांगायचं नाही, असं आमचं तिघांचं ठरलं.

पण गेलेले महिने गेले होते. स्फटिक साफ करायचा म्हणजे आरगॉन वायूचे कण जोराने मारून वरचा थर सोलायचा, मग तापवून पायऱ्या पुन्हा जागेवर येऊ द्यायच्या, पुन्हा सोलायचा, पुन्हा तापवायचा. मॅडम प्राचार्यांकडे मुदत मागायला गेल्या. प्राचार्य माणूस चांगला, पण संगणकांची मागणी जाऊन बसली होती.

“मॅडम, मे महिन्यात संगणक दारात उभे राहतील. मी ते कुठे ठेवू?”

“जावयाशेजारी ठेवा. त्यालाही सोबत होईल.”

“मॅडम…”

“बरं, नका ठेवू. मेच्या आत आवरते.”

त्या बाहेर आल्या तेव्हा मी व्हरांड्यात होतो. चेहऱ्यावर काही नव्हतं. चालता चालता म्हणाल्या, “ग्रंथपाल, मला घाई करायची वेळ आणली यांनी.” एवढंच. त्या दिवशी भिंतीपलीकडून थट्टेचा एकही आवाज आला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी कॅल्शियम गेलं, मग कार्बन गेला. मार्चमधल्या एका शनिवारी मॅडमनी स्वतः लोखंडाची तार तापवून तिची वाफ चांदीवर बसवली. मंदा मोजायला बसली. दुपारी मॅडम ग्रंथालयात आल्या आणि छापलेला आलेख माझ्या टेबलावर उलटा ठेवला.

“हा उलटा आहे,” मी म्हणालो.

“मग सरळ करा.”

मी कागद फिरवला. चौकोन होता. पुन्हा फिरवला. चौकोनच.

“कसाही धरा,” त्या म्हणाल्या. “बांधाच्या दिशेने झोपलंय. आता आणखी एकदा. मंगळवारी नवी तार घेऊन येते, ही संपली.” आणि दारातून मागे वळून, “रहस्यकथा द्या एक. जाड. दोन दिवस सुट्टी आहे.”

संध्याकाळी मीही स्टँडवर गेलो होतो. नारायणगावची गाडी लागली आणि गर्दी दाराकडे धावली. मॅडमनी बाहेरूनच खिडकीतून आपली पिशवी आत टाकून जागा धरली. आत एक तरुण आधीच त्या बाकावर टेकला होता, पिशवी उचलायला लागला.

“भाऊ, हात नका लावू तिला,” मॅडम खालून म्हणाल्या. “लॅबमधली आहे.”

तरुणाने हात मागे घेतला आणि उठला. त्याच्या शेजारचाही उठला. मागच्या बाकावरची बाई मुलाला घेऊन दोन रांगा मागे सरकली. मॅडम सावकाश चढल्या, अख्ख्या बाकावर ऐसपैस बसल्या, पिशवीतून जाड पुस्तक काढलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून मला बघितलं आणि डोळा मिचकावला. वय साठीला टेकलेलं, केस पांढरे, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाय पसरलेले. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

दहाव्याला आम्ही बोरीला गेलो. सोनाबाई ओसरीत बसल्या होत्या. मंदाचा हात धरून म्हणाल्या, “आता जावयाला कोन बघनार?”

“मी हाये ना, आजी,” मंदा म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेली, आणि पंप ऐकत नुसती बसून राहिली. मी भिंतीवर थाप मारली. उत्तर आलं नाही, म्हणून गेलो. मॅडमनी बसवलेला लोखंडाचा थर अजून आत, निर्वातात होता. स्फटिक एकच. नवा थर बसवायचा तर आधी तो जुना सोलून काढायचा होता.

“सर, त्यो त्यांच्या हातचा हाये.”

“हो.”

“ऱ्हाऊ द्यावा वाटतं.”

पुस्तकांच्या बाबतीत मी सगळं राहूच देत आलो आहे.

“पन ऱ्हाऊ दिला तर एकदाच आलेला ऱ्हाईल,” मंदा स्वतःशीच म्हणाली. मग तिने हातमोजे घातले, आरगॉनचा व्हॉल्व्ह उघडला आणि मला बाहेर जायला सांगितलं.

एसटीतल्या पिशवीतली तार सोनाबाईंनी दिली होती. ती मंदाने वापरली. एप्रिल संपायच्या आत मोजमाप झालं. घाई केली नाही, तरी झालं.

मे महिन्यात खोली रिकामी झाली. यंत्र पुण्यातल्या एका विद्यापीठात गेलं. मंदा आठवड्यातले चार दिवस तिथे असते. खोलीत संगणक आहेत. भिंतीतून आता आवाज येत नाही.

मंदाच्या प्रबंधाची एक प्रत माझ्या ग्रंथालयात आहे. त्यात एका पानावर दोन आलेख एकावर एक छापले आहेत, एक मॅडमच्या थराचा आणि एक मंदाच्या. चौकोन एकच दिसतो.